आवडत्या नटानं विश्वासानं सांगितलं, आता चौकात फ्लेक्स लावायचा का?

धानपट्टीचा रसिक

नमस्कार मंडळी. विषय नाजूक आहे म्हणून माझं गाव लिहीत नाही, नटाचं नावही नाही. कोणी ओळखलंच तर मनातच ठेवा, इथं लिहू नका.

आम्ही झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या रंगभूमीवरच्या, एका नटाचे चाहते. वेडे म्हटलं तरी चालेल. भाऊबीज झाली की कापणी-चुरणीतून वेळ काढून ब्रह्मपुरी, कुरखेडा, लाखांदूर, अर्जुनी, जिथं त्याचा प्रयोग तिथं मोटारसायकली. रात्री दहाच्या पुढं पडदा उघडतो, नाटक संपतं तेव्हा उजाडलेलं असतं, तिथून तोंडावर पाणी मारून सरळ बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. २०२३ ला आपल्या झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या ग्रुपनं फटाके फोडले होते, तेवढं हे वेड. व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन मीच.

मागच्या सीझनच्या शेवटी, होळीच्या सुमारास, वडशाला, जिथं नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, त्याच्या कंपनीच्या ऑफिससमोर चहा घेत होतो. आम्ही तिघं आणि तो. विषय आम्हीच काढला, की आता पुढच्या सालापर्यंत वहिनी आली पाहिजे. आमच्याकडं नाटकाच्या रात्री घरोघरी पाहुणे असतात, त्यातूनच सोयरिकी जुळतात. त्याला तर प्रत्येक गावात कोणीतरी पोरगी सुचवतंच. तो म्हणाला, "मले पोरी नाई आवडत गा. माणूस आवडते. तुम्हाले सांगून ठेवतो, निदान तुमच्याकडून तरी हा विषय बंद होईन." आणि लगेच, "चहाचे पैसे कोण देऊन रायलं?"

आम्ही तिघांनीही वेडंवाकडं काही घेतलं नाही. थोडं गप्प झालो, मग नाटकावरच बोललो.

भानगड पुढं झाली. आमच्यातल्या एकानं ग्रुपमधल्या चौथ्याला सांगितलं. हा पोरगा पुण्याला शिकून आलेला, मनानं चांगला, पण आता त्याला जोर चढला आहे. त्याचं म्हणणं, पहिल्या प्रयोगाच्या गावी चौकात मोठा फ्लेक्स लावू. नटाचा फोटो, मागं इंद्रधनुष्याचे रंग, "आम्ही तुझ्यासोबत". रात्री स्टेजवर शाल-श्रीफळ. मी म्हटलं आधी त्याला विचारू. तर म्हणे, विचारलं तर तो संकोचानं नाहीच म्हणेल, सरप्राइजच द्यायचं. आणि लपवायचं काय त्यात? लपवतो म्हणजे आपल्यालाच लाज वाटते.

या शेवटच्या वाक्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचत नाही.

दुसरं असं, की दुसऱ्या एका कंपनीचे चाहते त्याच्या यूट्यूबवरच्या क्लिपखाली "बायल्या" वगैरे लिहून रायले. त्यांना माहीत काहीच नाही, नुसतं खिजवणं. तिथं भिडायचं की गप्प बसायचं?

पांढरं सोनं, यवतमाळ

लावा ना भाऊ फ्लेक्स! २०१८ पासून हा गुन्हा राहिला नाही, मग भ्यायचं कोणाला? २०२३ च्या डब्ल्यूपीएल, म्हणजे बायकांच्या आयपीएलच्या फायनलला मुंबई इंडियन्सच्या नॅट सायव्हर-ब्रंटनं नाबाद ६० मारले तेव्हा आमच्या पानठेल्यावर सगळे नाचले. तिची बायको कॅथरीन, तीही इंग्लंडकडून खेळलेली, २०२२ ला दोघींचं लग्न झालं. पानठेल्यावरच्या निम्म्या लोकांना हे माहीत होतं. कोणाचं काही अडलं का? आपला माणूस म्हणजे आपला माणूस.

पेटीवाला

मी नाटकात ऑर्गन वाजवतो. कोणत्या कंपनीत ते राहू द्या. तुमच्या नटाचं जे, तेच माझं. म्हणून लांबलचक लिहितो, वाचायचं तर वाचा.

फ्लेक्स चौकात लागला की पहिल्यांदा कोण वाचतं? नाटकाचा प्रेक्षक नाही, तो तर रात्री येतो. सकाळी बाजाराला आलेला त्याचा मामा वाचतो. दूध घालायला आलेला चुलतभाऊ वाचतो. दुपारपर्यंत फोटो त्याच्या गावात पोचतो आणि कोणीतरी तो त्याच्या मायच्या हातात मोबाइल देऊन दाखवतं. तो तेव्हा कुठं असतो? कंपनीच्या गाडीत, तीन तालुके पलीकडं, झोपलेला.

आता धंद्याचं सांगतो, कारण चाहत्यांना स्टेजच दिसतं. गावाचं मंडळ वडशाला येतं, नाटक ठरवतं, कोण कोण कलावंत आहेत ते विचारतं, इसार देतं. "हा नको" असं एखादं मंडळ म्हणालं की कंपनी वाद घालत नाही, तारीख तिला हवी असते. कलावंताच्या तोंडावर कोणी काही बोलत नाही. पुढच्या सालचा फोन येत नाही, एवढंच. आमची कमाई दिवाळी ते होळी, फार तर थोडी पुढं. बाकीचं वर्ष कोणाची दोन एकर बांधी, कोणाची मजुरी. त्यात सीझन गेला म्हणजे वर्षच गेलं.

आणि मुक्काम. गावातल्या शाळेच्या खोलीत किंवा कोणाच्या पडवीत सतरंजी टाकून आम्ही गडीमाणसं ओळीनं झोपतो. आज तो ओळीत कुठंही झोपतो, कोणाच्या डोक्यात काही नसतं. फ्लेक्सनंतर त्याच्या बाजूची जागा कोण घेईल याचा विचार त्या पुण्याच्या पोरानं केला का? मेकअपच्या वेळी, कपडे बदलताना, कोण उगाच खाकरेल? हे सगळं सोसायला तो तयार असेलही. माझ्यापेक्षा धीट दिसतो, चहा पिता पिता सांगून मोकळा झाला. पण सोसायचं त्याला आहे, तर तारीखही त्यालाच ठरवू द्या.

लाजेचं म्हणाल तर, मी माझ्या बहिणीला सांगितलंय. ती पवनीकडं दिली आहे. तिनं अजून भाटव्यांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, तुला लाज वाटते का? म्हणाली, "तुयी गोष्ट आहे, मी काऊन वाटत फिरू? तुले वाटन तवा तू सांग, मी तुया बाजूले बसतो." लाजणारा माणूस बाजूला बसत नाही. त्या पोराला हेच सांगा.

यवतमाळच्या भाऊ, नॅट आणि कॅथरीननं लग्नाचं स्वतः सांगितलं होतं. पानठेल्यावर तुम्ही नाचलात ते बरोबरच, पण बातमी तुम्ही फोडली नव्हती.

क्रिकेटचंच घ्या. इंग्लंडचा यष्टिरक्षक स्टीव्हन डेव्हिस. २०१०-११ च्या ॲशेस दौऱ्याआधी त्यानं आपल्या संघाला सांगितलं. जगाला कळलं २०११ च्या फेब्रुवारीत, त्यानं स्वतः मुलाखत दिली तेव्हा. मधले काही महिने एवढी ड्रेसिंग रूम, एवढे पत्रकार मागावर, आणि गोष्ट संघातच राहिली. याच्या उलट आपली द्युती चंद. ओडिशातल्या विणकरांच्या घरची पोरगी, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत १०० आणि २०० मीटरला दोन रौप्यपदकं. २०१९ च्या मे महिन्यात तिनं जाहीर केलं की आपलं एका मुलीवर प्रेम आहे. देशभर कौतुक झालं, असं उघड सांगणारी देशातली पहिली खेळाडू म्हणून. पण तिनं स्वतःच सांगितलं होतं की ब्लॅकमेल होत होतं म्हणून बोलावं लागलं. आम्ही टाळ्या वाजवल्या त्या तिच्या धीराला, आणि तिची वेळ कोणीतरी हिसकावली होती हे त्या टाळ्यांत बुडालं.

मग चाहत्यांनी करायचं काय? तुमच्या हातात फ्लेक्सपेक्षा मोठी गोष्ट आहे आणि ती तुम्हाला दिसत नाही. मला दिसते, कारण मी स्टेजच्या कडेला बसतो आणि माझं तोंड अर्धं प्रेक्षकांकडं असतं. बऱ्याच नाटकांत कॉमेडियन एक हुकमी काम करतो. कंबर लचकवतो, हात असा करतो, आवाज बारीक काढतो. लेखकानं ते लिहिलेलं नसतं, तो गावोगावी वाढवत नेतो. पहिल्या चार रांगांतून शिट्टी आली की पुढच्या गावी दोन मिनिटं जास्त. शिट्टी नाही आली की तिसऱ्या गावी ते गळतं. मी गळताना पाहिलंय. कॉमेडियन काही वाईट माणूस नसतो, टाळी कुठं पडते ते तो बरोबर मोजतो. आणि पहिल्या चार रांगांत कोण असतं? तुम्हीच. तुमचा हिरो त्या वेळी विंगेत उभा असतो, पुढच्या एंट्रीला. शिट्ट्या कोणाच्या, ते त्याला आवाजावरून कळतं.

अजून एक. चहाच्या वेळी त्यानं तुमच्याकडून एकच मागितलं होतं, लग्नाचा विषय बंद. केला का? त्याच्या वाढदिवसाला ग्रुपवर "लवकर लाडू खाऊ द्या" लिहिणारे असतीलच. त्याला कारण न देता थांबवता येतं. ॲडमिन आहात.

यूट्यूबचं: भिडा, पण "आमचा हिरो तसला नाही, मर्द आहे" असं चुकूनही लिहू नका. पोट्टे जोशात हेच लिहितात. तो वाचेल तेव्हा त्याला कळेल की तुमच्या लेखी "तसलं असणं" म्हणजे शिवीच. शिवी असेल तिथं रिपोर्ट करा, आणि खाली त्याच्या कामाबद्दल लिहा. कोणता प्रवेश, कोणतं वाक्य, कुठं डोळे भरले. बाकी काही लिहायची गरज नाही.

जुना प्रेक्षक, लाखनी

आमच्या काळी हे असलं काही नव्हतं. रात्रभर नाटक पाहायचं, सकाळी घरी जायचं. कलावंताच्या घरात काय चाललं त्याच्याशी आपल्याला काय करायचं? ही सगळी शहरातली खुळं मोबाइलमधून इकडं आली.

पेटीवाला

काका, कलावंताच्या घरात डोकावू नये हे तर मीही म्हणतोय. पण नव्हतं असं नाही. दंडारीत, आपल्या जुन्या लोकनाट्यात, लुगडं नेसून नाचणारे गडी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले असतील. सगळेच तसे नव्हते, बहुतेकांची बायकापोरं होती. पण ज्याचं मन तसं होतं तो उजाडल्यावर लुगडं सोडून घरी जायचा आणि कोणाजवळ काही बोलायचा नाही. तुम्हाला दिसलं नाही, कारण दिसू नये म्हणून तो जन्मभर जपत होता.

आशाताई, साकोलीकडची

पेटीवाल्या भाऊंचं पटलं, पण पूर्ण नाही. मी आशा म्हणून काम करते, घरोघरी जाणं होतं. सगळ्यांनी गप्पच राहायचं म्हटलं तर गावात सोळा-सतरा वर्षांचा एखादा पोरगा किंवा पोरगी असते, तिला वाटतं जगात मी एकटीच. मुलगा लग्नाला तयार नाही म्हणून आईबाप बाबाकडं नेतात, मग कोणी सांगतं म्हणून नागपूरला "दुरुस्त" करून देणाऱ्या डॉक्टरकडं. अशी दुरुस्ती करणं हे डॉक्टरच्या व्यवसायात गैरवर्तन समजलं जाईल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ लाच राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं आहे. आमच्याकडं हे माहीत कोणाला? मी सांगते तेव्हा बाया तोंडाकडं पाहतात. रात्री-बेरात्री जीव घाबरला तर १४४१६ हा टेली-मानसचा, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर फुकट आहे, तोही मी प्रत्येक घरी लिहून देते, कशासाठी ते न विचारता.

म्हणून माझं म्हणणं, नटाचं नाव न घेता करा, पण काहीतरी उघड करा.

आणि तुम्ही चाहते मंडळी "सोबत आहोत" म्हणता तर मला आधी दुसरं विचारायचं आहे. दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेला, तृतीयपंथी येतात, दुकानादुकानापुढं टाळी वाजवून मागतात. त्यांच्या मागं मोबाइल धरून रील काढत फिरणारी पोरं कोणत्या ग्रुपमधली असतात? विद्या कांबळे, स्वतः तृतीयपंथी, २०१८ साली नागपूरला लोकअदालतीच्या पॅनेलवर बसल्या, लोकांचे वाद मिटवले. आपल्या मंडईत त्यांच्यासारखी कोणी आली तर आपण आधी काय पाहणार?

दुसरं, लेडीज कलाकार. लावणीच्या वेळी जे ओरडणं चालतं ते मी लिहीत नाही, तुम्हाला पाठ आहे. आमच्या गावी कपडे बदलायची जागा म्हणजे ताडपत्रीचा आडोसा, आणि त्याला पोट्ट्यांनी पाडलेली भोकं. तीन-चार मुलींना रात्रभर लघवीला जायचं तर अंधारात बांधीच्या धुऱ्यावर. आमच्या बचत गटानं मंडळाकडं बसून भांडण केलं. आता स्टेजमागं टिनाची खोली होते, आत बल्ब असतो, बाजूच्या घरचा संडास त्या रात्री कलाकारांना मोकळा, आणि दारात गटाच्या दोघी जणी आळीपाळीनं बसतात. नाटक अर्धंच पाहायला मिळतं, पण बसतात. कंपनीची मॅनेजर मंडळी पहिल्यांदा हसली होती. आता दुसऱ्या गावांना आमचं नाव सांगतात.

त्या हिरोसोबत उभं राहायचं तर त्याच्यासोबत स्टेजवर काम करणाऱ्या मुलीला शिट्टी मारून कसं उभं राहणार? तो तर रोज तिच्याच शेजारी मेकअपला बसतो.

माझी सूचना: मंडळाला सांगून नाटक सुरू व्हायच्या आधी माइकवर एक वाक्य. कोणत्याही कलावंतावर, बाई असो, माणूस असो, कोणी असो, शेरेबाजी केली तर तिकिटाचे पैसे परत आणि बाहेर. यात कोणाचं नाव नाही, आणि ज्याला ऐकायचं तो ऐकतो. तो सोळा वर्षांचा पोरगाही.

वकिली शिकतो, गडचिरोली

थोडक्यात दोन गोष्टी. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माणसाला कोणाबद्दल ओढ वाटते हेही त्या खासगीपणात येतं, असं त्याच निकालात आहे. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल त्यानंतरचा, ६ सप्टेंबर २०१८. म्हणजे "गुन्हा नाही" याच्या आधी "ही गोष्ट ज्याची त्याची" हे आलं. यवतमाळच्या दादांनी दुसरंच तेवढं धरलं.

आणि गुन्हा नाही म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी लग्नाची मान्यता कोर्टानं नाकारली. उद्या तुमच्या नटाला दवाखान्यात ठेवलं तर सोबतच्या माणसाला "तुम्ही कोण" म्हणून विचारतील. फ्लेक्सवर त्याचं उत्तर नाही.

पांढरं सोनं, यवतमाळ

बरं बाप्पा, फ्लेक्स नको. पण आशाताईंचं माइकवालं आमच्या गावच्या मंडळाला पाठवतो. आमच्याकडं नाटक नाही, शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असते, शिव्या तिथंही कमी नसतात.

धानपट्टीचा रसिक

सगळ्यांचं वाचलं. दोन दिवस थांबलो आणि काल त्याला फोन लावला. फ्लेक्सचं सांगायचं तर चौथ्याला कळलंय हेही सांगावंच लागलं. तो बराच वेळ बोललाच नाही. मग विचारलं, कोणी सांगितलं? मी नाव सांगितलं. म्हणाला, "त्याच्याशी मी बोलतो, तू मधात पडू नको." आवाज चांगला नव्हता. त्या दोघांचं पुढं काय होईल माहीत नाही, आणि ते मी इथं लिहिणारही नाही.

फ्लेक्सबद्दल त्याचे शब्द असे: "लावला तर मी त्या गावी स्टेजवर चढत नाई, मंडळाले काय सांगाचं ते तुम्ही सांगा." पुण्याच्या पोराला हे जसंच्या तसं ऐकवलं. तो रुसून ग्रुपमधून निघून गेला होता, आज सकाळी परत आला. आता आशाताईंचं माइकवरचं वाक्य घेऊन मंडळाच्या अध्यक्षाच्या मागं लागला आहे. अध्यक्ष म्हणतो, पैसे परत वगैरे जमणार नाही, नुसतं "बाहेर काढू" म्हणा. पोरगा अडून बसला आहे. टिनाच्या खोलीचं मात्र लगेच कबूल झालं, कारण अध्यक्षाच्या बायकोनं तिथंच बसून ऐकलं.

ग्रुपवर लग्न, लाडू, वहिनी सगळं बंद केलं. कारण दिलं नाही. दोघांनी विचारलं, मी लिहिलं ॲडमिनची मर्जी.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, शाल द्यायची असेल तर नाटक झाल्यावर मागं येऊन द्या, आणि ऑर्गनवाल्यालेही द्या, त्याले कोणीच देत नाई. आणि फुकट पास मागू नका, तिकीट काढून या.

पेटीवाले भाऊ, तो ऑर्गनवाला तुम्हीच का, ते मी विचारत नाही.

पेटीवाला

नका विचारू. पण ज्या कोणाला द्याल त्याला शाल नको, चांगलं जाड ब्लँकेट द्या. डिसेंबरात पहाटे चारला बोटं वाकत नाहीत.